दिवा लागल्यावरचा शब्द

वसुधाकाकू. माझ्या पदवीच्या कागदावर माझं नाव आहे, वडिलांचं आहे, खाली दोन सह्या आहेत. यांचं नाव कुठेच नाही. म्हणून इथे सगळ्यात आधी लिहून ठेवतो. नात्याने त्या माझ्या कुणी लागत नाहीत. डोंबिवली पूर्वेला त्यांची दोन खोल्यांची जागा होती. मुरबाडच्या बाजारात हमाली करणाऱ्या माणसाचा मुलगा त्यातल्या बाहेरच्या खोलीत तीन वर्षं राहिला आणि बी.एस्सी. झाला. आमच्या घराण्यात कॉलेजचा जिना चढलेला मी पहिला.

आज सकाळी कळव्याच्या आमच्या खिडकीचा पडदा सरकवला, तर पारसिकचा डोंगर पार करडा पडलेला. वाळलेल्या गवतात मधेच एखादा आंबा मोहरून उभा. खाडीकडून ओहोटीचा खारट, गढूळ वास येत होता आणि समोरच्या गच्चीवर कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या. खाली रिक्षा थांबवून एक मुलगी पॅड छातीशी धरून उभी होती, आणि तिची आई तिच्या हातावर दही घालत होती. परीक्षेचे दिवस आले. मला परीक्षा देऊन पंचवीस वर्षं झाली, तरी मार्च लागला की माझ्या तळहातांना घाम येतो.

पण आता या दिवसांबरोबर मला माझी परीक्षा आठवत नाही. गेल्या वर्षीची आठवते. माझी मुलगी श्रावस्ती दहावीला होती, आणि घरात पाच महिन्यांचं एक पिल्लू होतं.

पिल्लाचं नाव खजूर. रंगावरून श्रावस्तीनेच ठेवलेलं. सोसायटीच्या पंपाच्या खोलीमागे एका कुत्रीने चार पिल्लं घातली होती, त्यातलं हे एक दिवाळीनंतर ती ओढणीत गुंडाळून घेऊन आली. माझी बायको सुजाता दवाखान्यात परिचारिका आहे. दिवसभर आजाऱ्यांचं करून आलेली बाई कुत्र्याचं कुठे करणार, म्हणून ती नको म्हणाली. पिल्लाने तिच्या पायावर हनुवटी ठेवली आणि ते झोपून गेलं. विषय संपला.

मी एका औषध कंपनीत तपासणीचं काम करतो. एकच चाचणी रोज त्याच पद्धतीने, त्याच क्रमाने करायची. हात बदलला तरी निकाल बदलता कामा नये, असं ते काम. तेव्हा पिल्लाचं शिक्षण मी अंगावर घेतलं. श्रावस्तीने मोबाइलवर बघून सांगितलं होतं, “बाबा, सगळ्यांनी सेम शब्द बोलायचा. तू एक, मम्मी एक असं नाही चालत. तो कन्फ्यूज होतो.” मी फ्रिजवर कागद चिकटवला. ये. बस. सोड. जागेवर. आणि जे जे करू नये त्या सगळ्यासाठी एकच शब्द, नाही. एकदाच म्हणायचा, तीनदा नाही. ओरडून नाही, लाडात नाही. म्हटल्यावर गप्प उभं राहायचं.

तो शब्द पहिल्यांदा त्याच्यापर्यंत पोचला, ती सकाळ मला स्वच्छ आठवते. माझी चप्पल त्याच्या तोंडात होती. मी म्हटलं, “नाही.” आधीच्या आठवड्यात शंभर वेळा म्हटला असेल. पण या वेळी त्याचा जबडा मधेच थांबला. उजवा कान वळला. त्याने माझ्या डोळ्यांकडे पाहिलंच नाही, माझ्या ओठांकडे पाहिलं, आणि चप्पल अगदी हळूच, जपून, जमिनीवर ठेवली. मी चहा हातात घेऊन तसाच उभा. ज्याला आपली भाषा नाही, आपले हात नाहीत, ज्याचा जन्म पंपाच्या खोलीमागे झाला, त्याच्या डोक्यात माझ्या तोंडचा एक आवाज जाऊन बसला होता आणि आत बसून काम करू लागला होता. रोज चाचण्या करणारा मी माणूस, पण असा निकाल कधी पाहिला नव्हता.

तेव्हा मला बी.एस्सी.चं पहिलं वर्ष आठवलं. सगळी व्याख्यानं इंग्रजीत, आणि मी मुरबाडच्या मराठी शाळेतून आलेला. सर काय बोलतात ते पहिले दोन महिने मला समजत नव्हतं. संध्याकाळी मी पुस्तक उघडून नुसता बसायचो. काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. लांबच्या गावाचा फोन जोडून देणं हे त्यांचं अनेक वर्षं काम. त्या म्हणाल्या, “तारेवर खरखर असली ना अरुण, की शब्द ऐकू येतच नाहीत. वाक्याचा आकार ऐकू येतो. म्हणून आम्ही रोज तेच वाक्य त्याच चालीत बोलायचो. पलीकडच्याला निम्मं ऐकू आलं तरी तो ओळखायचा. तू तेच पान रोज मोठ्याने वाच. अर्थ मागून येतो.” मी वाचत गेलो. एके दिवशी वर्गात सरांचं एक वाक्य अख्खंच्या अख्खं माझ्या कानात उघडलं. मी मान वर केली तेव्हा माझाही चेहरा खजूरसारखाच झाला असणार.

काकू गेली तीन वर्षं आमच्याकडे राहतात. त्यांची इमारत पाडून नवी बांधायला घेतली. त्यांची मुलगी नाशिकला असते, तिने बोलावलं. पण काकू म्हणाल्या, “नाशिकला मला कोण ओळखतं?” मी रिक्षा घेऊन गेलो आणि त्यांना, त्यांच्या हिरव्या पत्र्याच्या ट्रंकेसकट, कळव्याला घेऊन आलो. आयुष्यभर कानाला यंत्र लावून काम केल्यामुळे म्हणा, वयामुळे म्हणा, त्यांना आता फार कमी ऐकू येतं. फोनवर तर काहीच नाही.

काकू आल्या आणि त्यांच्याबरोबर दिवा आला. आमच्याकडे सकाळी बुद्धवंदना होते, ती सुजाता करते. संध्याकाळी खिडकीजवळच्या स्टुलावर काकूंचं निरांजन लागू लागलं. दिव्याबरोबर एक नियमही आला. तिन्हीसांजेला दिवा लावला की तो शांत होईपर्यंत घरात ‘नाही’ म्हणायचं नाही. त्या वेळी वास्तू ‘तथास्तु’ म्हणत असते, असं त्या मानतात. मीठ संपलं तर मीठ वाढलंय म्हणायचं. श्रावस्तीने तर यात कौशल्यच मिळवलं.

“अभ्यास झाला का गं?”

“होतोय, आजी.”

“भूमिती?”

“भूमिती येतेय, आजी. रस्त्यात आहे.”

आम्ही दोघं नवरा-बायको हे मानत नाही. पण म्हाताऱ्या माणसाचा तेवढा शब्द राखायचा, यात काय कठीण? आम्ही तो इतका मनापासून राखला की राखतो आहोत हेही विसरलो.

त्या मार्चमध्ये खजूर बिघडला. दिवसभर गुणी. बस म्हटलं की बसायचा, जागेवर म्हटलं की पोत्यावर जाऊन पडायचा. संध्याकाळ झाली की मात्र अंगात आल्यासारखा. चपला पळव, उशी फाड, पडद्याला लोंबक, काकूंचा पदर ओढ. आम्ही त्याच्यामागे गोडगोड आवाजात धावायचो. “अरे राजा, असं करतात का?” “शहाणा ना तू?” श्रावस्ती दार लावून इतिहासाच्या सनावळ्या घोकत असायची.

होळीच्या दोन दिवस आधी संध्याकाळी काकू दिवा लावून मागे वळल्या, आणि खजूरने पदर धरून हिसका दिला. त्या पडल्या. निरांजन कलंडलं, तेल फरशीवर पसरलं. मी धावलो. तेलात हात टेकून बसलेल्या काकू म्हणाल्या, “पोरीला बाहेर येऊ देऊ नकोस रे, उद्या तिचा पेपर आहे.” मनगटाचं हाड मोडलं होतं. पण मला लागलं ते वेगळंच. एवढं होऊनही खजूर शेपटी हलवत होता. त्याच्या तोंडावर भीती नव्हती, अपराध नव्हता. त्याच्या लेखी सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं.

प्लास्टर घालून आल्यावर काकू शांतपणे म्हणाल्या, “कुत्र्याला घालवू नका. पोरीने जीव लावलाय. मीच जाते मुलीकडे.” मी काहीतरी पुटपुटलो. काकूंना नाही म्हणायची मला सवयच नाही. त्यांची मुलगी आली आणि त्यांना घेऊन गेली. जाताना घाईत ट्रंक राहिली.

पेपर सुरू होते. घरात एक माणूस कमी झाल्यावर घर किती मोठं होतं! दिवा मात्र सुजाता लावत राहिली. मी विचारलं तर म्हणाली, “त्या आल्यावर बंद दिसला तर?”

मी चौकशी करत बाळकुमला हिराताईंकडे पोचलो. जुन्या गावठाणातल्या आगरी बाई, पन्नाशीच्या. जन्मभर दारात कुत्री सांभाळलेली. आता आजूबाजूच्या टोलेजंग इमारतींतले लोक आपली पिल्लं त्यांच्याकडून शिकवून घेतात. त्या रविवारी सकाळी आल्या. खजूरने सगळं करून दाखवलं, अगदी हुशार विद्यार्थ्यासारखं.

“या पोराला काय झालंय?” त्या म्हणाल्या. “सोन्यासारखा हाय.”

“ताई, संध्याकाळी बघा.”

संध्याकाळी त्या पुन्हा आल्या, खुर्चीत बसल्या, चहा घेतला. सुजाताने दिवा लावला. खजूर पोत्यावरून उठला, आळस दिला, चपलांच्या मांडणीकडे गेला आणि हिराताईंचीच चप्पल उचलली. मी म्हटलं, “अरे बाळा, पाहुण्यांची आहे ना ती?”

हिराताईंनी ओठाशी नेलेला कप खाली घेतला. “सकालचा शब्द कुठं गेला?”

“कुठला?”

“कुठला काय? फ्रिजवरचा. नाही. आता का नाय बोललास?”

सुजाताने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. सुजाता हळूच म्हणाली, “दिवा लागलाय ना.”

“मंग?”

मी नियम सांगितला. हिराताई आधी हसल्या, चहा हिंदकळेपर्यंत हसल्या. मग त्यांची नजर खजूरवर गेली. “थांबा जरा,” त्या म्हणाल्या. “दिवा मालवा. उद्या यक दिस सुट्टी घ्या. भर दुपारी येते. त्या टायमाला दिवा लावू.”

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता, पारसिकवरून झळा येत असताना, आमच्या खिडकीत निरांजन लागलं. खजूर पोत्यावर गाढ झोपला होता. काडी ओढल्याचा आवाज झाला. एक डोळा उघडला. तेलवातीचा वास पसरला तसं नाक हललं. तो उठला, आळस दिला, चालत चपलांकडे गेला, आणि तिथे उभा राहून त्याने मागे वळून आमच्याकडे पाहिलं.

श्रावस्तीने हातातलं पुस्तक मिटलं. आम्ही ज्याला बिघडलेला म्हणत होतो, तो आमच्या घराचा असा नियम शिकून बसला होता जो आम्ही त्याला कधी सांगितलाच नव्हता. कागदावर पाच शब्द होते. त्याने सहावी गोष्ट आपण होऊन वाचली होती: हा वास आला की ‘नाही’ या घरातून निघून जातो. इतक्या अचूकपणे मला कुणीच कधी वाचलेलं नाही.

“तो नाय चुकत रं भाऊ,” हिराताई म्हणाल्या, आणि त्यांचाही आवाज खाली आला होता. “तुमी त्याला जे शिकवलाव तेच तो करतंय.”

मग उपाय? दिवा बंद करा, किंवा नियम मोडा, असं कुणीही म्हणेल. काकूंना एवढंच कळवायचं की तुमच्या नियमामुळे हे झालं, पुढे तो नको. पण ते मला जमेना, आणि का जमेना ते सांगायला हवं.

डोंबिवलीत खोली शोधायला मी आलो, त्या दिवशी चार दारं वाजवली होती. चारही ठिकाणी आधी आडनाव विचारलं आणि मग जागा भरली असल्याचं सांगितलं. पाचवं दार काकूंचं. दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात काड्यापेटी होती आणि मागे दिवा नुकताच लागला होता. मी विचारलं, “बाहेरची खोली मिळेल का?” त्यांनी एकदा मागे दिव्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “आत ये.” आडनाव त्यांनी महिन्याभराने विचारलं, बसच्या पासाचा अर्ज भरताना. मी पास झालो त्या दिवशी पेढा खाताना त्या हसून म्हणाल्या, “खरं सांगू? सकाळी आला असतास तर सरळ नाही म्हणणार होते. एकटी बाई मी, अनोळखी मुलाला कशी ठेवू? पण दिवा लागलेला होता.”

ज्या नियमाने मला घर मिळालं, त्याच नियमाने त्यांचं मनगट मोडलं. हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

हिराताईंनी मात्र दोन्ही बाजूंना धक्का न लावणारी वाट काढली. “शब्दच बदला की. दिवसा आन् रातचा, यकच. तुमचे म्हातारीला चालंल असा.”

‘सोड’ आधीच दुसऱ्या कामाला होता. ‘पुरे’ सुजाताला तोडल्यासारखा वाटला. हिराताई म्हणाल्या, “थांब. थांब बोला. बोलून तं बघा. त्याचे शेवटाला तोंड मिटतं. ‘नाही’ तुमी वढत नेता, नाहीईई, गाण्यासारखा. हा वढता येत नाय. आन् कुत्रं तोंडाकडंच बघतं.”

आम्ही तिघं आरशासमोर उभं राहून थांब, थांब म्हणून पाहिलं. खरंच, ओठ मिटतात.

“पण दिव्याच्या वेळी वास्तूने तथास्तु म्हटलं तर?” सुजाता म्हणाली. “काय थांबेल मग?”

श्रावस्ती म्हणाली, “आजी. आजी थांबेल.”

फ्रिजवरचा कागद बदलला. कुत्र्याला नवा शब्द शिकायला चार दिवस लागले. मला पंधरा. जीभ पुन्हापुन्हा जुन्या शब्दाकडे जायची, मधेच अडायची. संध्याकाळी गोड बोलायची खोड तर त्याहून चिवट. हिराताईंनी बजावलं होतं की एकाने जरी एकदा वेगळं म्हटलं तर तो आठवडा वाया. आम्ही तिघं सावध झालो, कमी बोलू लागलो, आणि गंमत म्हणजे एकमेकांचं नीट ऐकू लागलो. एका संध्याकाळी, दिवा लागलेला असताना, मी म्हटलं, “थांब.” खजूर चपलांपाशी थबकला. दिव्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा दिव्याकडे. त्याने शिकलेलं एक अख्खं जग त्याच्या डोक्यात हळूहळू फिरत होतं आणि आम्ही श्वास रोखून ते फिरताना पाहत होतो. मग तो परत आला आणि पोत्यावर बसला.

त्याच आठवड्यात नाशिकहून फोन आला. काकूंच्या मुलीचा. “दादा, आई म्हणते, आता मी इथेच राहते. तिची ट्रंक पाठवून द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्र लिहायला बसलो. फोनवर त्यांना ऐकू आलं नसतं, आणि जे सांगायचं होतं ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून जाऊ द्यायचं नव्हतं.

काकू आत्ता पलीकडच्या खोलीत मेथी निवडत आहेत. हा लेख लिहितोय म्हटल्यावर त्यांनी पायाशी पडलेल्या खजूरला ओलांडून ट्रंकेतून ते पत्र काढून दिलं आणि म्हणाल्या, “हे शेवटी घाल. आधी घातलंस तर पुढचं कोण वाचेल?” म्हणून शेवटी घालतो.

तीर्थस्वरूप वसुधाकाकू,

नमस्कार. हात कसा आहे? प्लास्टर कधी काढणार ते ताईंना कळवायला सांगा. श्रावस्तीचे पेपर संपले. भूमिती बरी गेली म्हणते, म्हणजे ती अजून रस्त्यातच असावी.

एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली, ती सांगतो. खजूर तुमच्यावर रागावलेला नव्हता आणि तो वेडाही नाही. आम्ही त्याला दिवसा एका शब्दावर थांबवायचो. दिवा लागल्यावर तुमचा नियम म्हणून तो शब्द आम्ही कुणीच उच्चारत नव्हतो. त्याने दिवा ओळखला आणि समजला की आता मोकळीक आहे. हे तुमच्या नियमाने झालं, असं लिहिताना हात अडतो, कारण त्याच नियमाने तुम्ही मला घरात घेतलंत. पण चूक नियमाची नाही. तुम्हाला विचारायची हिंमत आम्ही केली नाही, ही चूक. विचारलं असतं तर तुम्ही पाच मिनिटांत मार्ग काढला असता.

आता आम्ही सगळ्या वेळी ‘थांब’ म्हणतो. नियम तसाच आहे, दिवा रोज लागतो. सोळा दिवसांत खजूर दोनदा चुकला, तेही लिहितो, कारण तुम्हाला फसवून आणायचं नाही. परवा त्याने कापसाची वात पळवली. थांब म्हटल्यावर परत दिली, पण ओली. तुम्हालाही तो शब्द रोज तसाच, त्याच चालीत म्हणावा लागेल. ते तुमच्याइतकं आमच्यापैकी कुणालाच येत नाही.

ताईंचा फोन आला होता. ट्रंक पाठवून द्या, असा तुमचा निरोप मिळाला. तुम्ही काही सांगितलं आणि मी केलं नाही, असं आजवर झालेलं नाही. मी हे मुद्दाम सकाळी लिहितो आहे, दिवा लागायला अजून पुष्कळ वेळ आहे.

नाही, काकू. ट्रंक पाठवणार नाही.

तुमचा,
अरुण